पोटाखालची सावली

लांडग्यांच्या राज्याचे ते एकोणिसावे वर्ष होते. वैशाखाचा वद्य पक्ष लागला होता आणि माळावर एकही झाड उरले नव्हते.

झाडे लांडग्यांनी तोडली नव्हती. लांडगे झाडाला तोंड लावत नाहीत. त्यांनी ती उंटांना देऊन टाकली होती. उंट आले, शेंड्यापासून बुंध्यापर्यंत खाऊन गेले आणि जाताना गुहेपुढे मान लववून गेले. बदल्यात उंटांनी काय दिले हे मेंढरांना कोणी सांगितले नाही. मेंढरांनी विचारलेही नाही.

राज्याचा कायदा साधा होता. लांडगे मेंढरांचे रक्षण करत. कोणापासून, हे ठरलेले नव्हते. त्याबद्दल मेंढरांनी वर्षातून एकदा अंगावरची लोकर द्यायची आणि प्रत्येक वाड्यातून एक कोकरू द्यायचे. ह्या देण्याला राखण म्हणत. कोकरू सकाळी नेत. आईने बघायचे नाही, असा नियम नव्हता. ओरडायचे नाही, एवढाच होता.

दुपारी मात्र राज्य झोपत असे. लांडगे गुहेत जात, प्रत्येक जण आपापल्या कपारीत, दुसऱ्याला अंग लागणार नाही असा पडे. ऊन उतरेपर्यंत कोणी बाहेर डोकावत नसे. म्हणून दुपारी मेंढरे काय करतात हे राज्यकर्त्यांना ठाऊक नव्हते. सकाळी त्यांनी मेंढरांना रांगेने जाताना पाहिले होते, संध्याकाळी रांगेने येताना पाहिले होते. त्यावरून त्यांनी मधल्या वेळेचा अंदाज केला होता.

मधल्या वेळेत मेंढरे एकच गोष्ट करत. ऊन डोक्यावर आले की ती जवळ येत. एक मेंढरू आपले डोके दुसऱ्याच्या पोटाखाली घाले, दुसरे तिसऱ्याच्या. थोड्या वेळात सगळ्या कळपाची मिळून एक पाठ होई. पाठ उन्हात तापे. डोकी सावलीत राहत. ज्या मेंढराच्या पोटाखाली दुसऱ्याचे डोके असे, त्याला दुपारभर पाय हलवता येत नसे. ते हलवत नसे. हे कोणी शिकवलेले नव्हते. कोकरू पोटाशी असल्यापासून तेच पाही.

झाडे गेली त्या वर्षी ह्या दुपारी एक गाणे सुरू झाले. ते काजळी नावाच्या मेंढीचे होते. तिचे तोंड काळे होते, म्हणून काजळी. तिची तीन कोकरे राखणीत गेली होती. ती फार बोलत नसे. पुढचीच्या पोटाखाली डोके घालून ती गुणगुणायची, मागची ते उचलायची, आणि गाणे पोटांखालून सरकत कळपाच्या शेवटापर्यंत जायचे.

झाड गेलं माळावरचं, सावली कुठं गेली?
माझ्या पोटाखाली बाई, जपून मी ठेवली.
तुझं डोकं माझ्याखाली, माझं पुढचीखाली,
लोकर नेली, पाठ राहिली, पुन्हा लोकर आली.
अंगाला अंग लावू बाई, ऊन जाईल खाली.

तरस हा राज्याचा कोतवाल होता. त्याला दुपारी झोप लागत नसे. खाल्लेले पचत नसले की असे होते. एका दुपारी तो पोट धरून गुहेबाहेर आला आणि त्याला गाणे ऐकू आले. तो कळपाजवळ गेला. गाणे चालूच होते. पण गाणारे तोंड कुठे दिसेना. सगळीकडे पाठीच पाठी.

"कोण गातंय?" तरसाने विचारले.

गाणे थांबले. कोणी डोके बाहेर काढले नाही.

"बरं," तरस म्हणाला. "नाव कळलं नाही तर ह्या वाड्यातली दहा कोकरं जास्तीची नेईन. मग आठवेल."

काजळीने डोके बाहेर काढले. डोळ्यांवर ऊन आल्याने ती क्षणभर थांबली.

"गाणं माझं आहे," ती म्हणाली. "ह्यांनी नुसतं ऐकलं."

"नुसतं ऐकलं? सगळा कळप घुमत होता."

"मेंढरं आहेत, कोतवाल. एकीनं खोकलं तर सगळी खोकतात."

तरसाला हसू आवरले नाही. तरसाला ते कधीच आवरत नाही. हसत हसतच त्याने तिला पुढे घातले आणि गुहेमागच्या खड्ड्यात नेऊन सोडले.

राज्यात गाण्याविषयी एक कायदा होता. ज्या गाण्याला अर्थ नाही, तो गुन्हा नव्हे. ज्याला अर्थ आहे, त्याचा अर्थ सगळ्या कळपापुढे उलगडून दाखवायचा, आणि तो राज्याविरुद्ध निघाला तर गाणाऱ्याला तिथेच, कळपाच्या डोळ्यांदेखत, फाडायचे. अर्थ उलगडायला दरबारात एक अर्थकार नेमलेला होता. तो बोकड होता. कपाळावर पांढरा ठिपका असलेला, उंच, लांब दाढीचा. दरबारात त्याला चंद्रराव म्हणत.

कळपात त्याचे नाव चांद्या होते. त्याची आई कड्यावरून पडून मेली तेव्हा तो चार दिवसांचा होता. त्याच सकाळी काजळीचे पहिले कोकरू राखणीत गेले होते. तिची कास भरून दुखत होती. बोकडाचे पोर वाट चुकून तिच्यापाशी आले. तिने त्याला हुंगले, एकदा डोक्याने ढकलले, पुन्हा हुंगले, आणि उभी राहिली. ते प्याले. त्या उन्हाळ्यात ते तिच्या पोटाखाली वाढले.

मोठा झाल्यावर चांद्या मान खाली घालेना. बोकडाची जातच तशी. दुपारी कळप गोळा झाला की हा उंच कातळावर जाऊन बसे आणि वरून पाही. लांडग्यांना तो तिथेच दिसला. इतक्या उंच बसणाऱ्याला अक्कल असणार असे त्यांना वाटले. ते चुकले नव्हते. त्यांनी त्याला गुहेच्या वरची कपार दिली, सावलीची. उंटांकडून येणारा पाला दिला. तेव्हापासून तो कळपात उतरला नव्हता.

संध्याकाळी चंद्रराव खड्ड्याच्या काठावर आला. त्याला आत जाण्याची मुभा होती. गाणे गाणाऱ्याच्या तोंडून ऐकून घेणे हे त्याच्या कामातच धरलेले होते.

"आये," तो म्हणाला.

"आलास," काजळी म्हणाली. "दाढी बरीच वाढलीय. पाल्यात अडकत नाही का?"

तो खाली उतरला. तिने गाणे म्हणून दाखवले नाही, त्यानेही मागितले नाही. त्याला ते पाठ होते. कपारीत बसून तो रोज ऐकत होता.

"उद्या सकाळी अर्थ सांगायचा आहे," तो म्हणाला. "तरस म्हणतो ऊन म्हणजे महाराज. ऊन जाईल खाली म्हणजे महाराज खाली जातील."

"ऊन म्हणजे ऊन. मी दुसरं काही म्हटलेलं नाही. झाडं कुणी दिली ते तुला ठाऊक, मला ठाऊक. ते गाण्यात कशाला घालू?"

"ते चालणार नाही. नुसतं ऊन म्हटलं की तरस उलटून विचारील. मला असा अर्थ द्यावा लागेल की राजाला तो आवडेल."

काजळीने त्याच्याकडे पाहिले.

"राजाला आवडला तर काय होईल?"

"तू सुटशील."

"आणि गाणं?"

चंद्ररावाने दाढी खाजवली. "गाणं काय, गाणं राहील."

"कुणाचं राहील?" ती म्हणाली. "माझं म्हणशील तर आणखी दोन उन्हाळे, फार तर. ह्या पोरींना अजून किती काढायचेत. दुपारी पाय दुखायला लागले की त्या ते म्हणतात. तेवढ्यावर उभ्या राहतात. तू त्याला राजाच्या अंगचा वास लावलास तर उद्या कोण तोंडात घेईल?"

"तुझ्या दुधाचं ऋण आहे माझ्यावर," तो म्हणाला. "मी तुला मरू देणार नाही."

"दूध माझ्या लेकराचं होतं. ते गेलं, तू प्यालास. त्याचं त्याला फेड, सापडलं तर. माझं म्हणशील तर तुला नुसती सावली दिली मी, एक उन्हाळाभर. आणि ती अशी बोलून फिटत नाही. ती उन्हातच फिटते."

मग ती भिंतीकडे तोंड करून बसली. तो वर चढून गेला.

सकाळी सगळा कळप गुहेपुढे आणला गेला. राजा दगडावर बसला. म्हातारा लांडगा होता, एका कानाचा. काजळीला मधे उभे केले. तरसाने गाणे म्हणून दाखवले. त्याच्या तोंडून ते फार वाईट लागले.

"पहिली ओळ घ्या," तरस म्हणाला. "झाड गेलं. म्हणजे झाडे कुठे गेली, असा सरकारला जाब आहे."

"जाब नाही, महाराज," चंद्रराव म्हणाला. "प्रश्न आहे, आणि उत्तर दुसऱ्याच ओळीत दिलेले आहे. सावली कुठे गेली? माझ्याजवळ आहे. ज्याच्याजवळ सावली आहे तो झाडाची तक्रार कशाला करील?"

राजाने मान डोलावली. "सावली आहे म्हणतात. मग बरं आहे."

"लोकर नेली, पाठ राहिली," तरस पुढे म्हणाला. "ही धमकी आहे. आम्ही संपलो नाही, असे म्हणतात."

"पुढचे शब्द कोतवालांनी गाळले. पुन्हा लोकर आली. पुढच्या वर्षीची राखण तयार आहे, असे मेंढरे आपणहून सांगतात. मागण्याच्या आधी कबूल करणारी रयत कुठल्या राज्यात आहे?"

गुहेच्या तोंडाशी बसलेले लांडगे एकमेकांकडे पाहू लागले. त्यांना हे नवीन होते.

"पण हे डोके कोणाच्या खाली आहे?" राजाने विचारले. "पुढचीखाली म्हणतात. ही पुढची कोण?"

चंद्रराव थांबला. खाली कळप उभा होता. लांडग्यांनी दुपार कधी पाहिलेली नाही, हे कळपातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. आता हा काय सांगतो इकडे सगळ्यांचे कान होते. काजळी जमिनीकडे पाहत होती.

"सगळ्यांच्या पुढे आपण आहात, महाराज," चंद्रराव म्हणाला. "डोके आपल्या पायांखाली, असा अर्थ आहे. अंगाला अंग लावणे म्हणजे आपल्या गुहेच्या जवळ राहणे. आपण जवळ असलात की उन्हाचे भय नाही."

 राजाचे डोळे ओले झाल्यासारखे दिसले.

"इतकी वर्षं राज्य केलं," तो म्हणाला. "ही माझ्यावर इतका जीव टाकतात हे मला कोणी सांगितलं नाही."

काजळी सुटली. त्याच जागी हुकूमही निघाला. मेंढरांना गुहेजवळ राहायचे आहे, तर त्यांनी रोज दुपारी गुहेपुढे यावे आणि हे गाणे म्हणावे. ते ऐकत महाराज झोपतील. तरसाने त्यात आपली एक भर घातली. मेंढरांनी रांगा करून, एकमेकांत अंगभर अंतर ठेवून, माना वर करून उभे राहावे, म्हणजे प्रत्येकाचे तोंड हलते की नाही हे दिसेल. गाणे जिचे, तिला मानाची जागा द्यावी. पहिल्या रांगेत, मधोमध.

पहिल्या दुपारी कळप थबकला. कळपात पुढे चालणारा मेंढा बांड्या नावाचा होता, काळ्यापांढऱ्या अंगाचा, मोठ्या आवाजाचा. तरसाने त्याच्याकडे नुसते पाहिले. बांड्या गेला आणि सगळ्यांच्या पुढे उभा राहिला. बांड्या गेला म्हणून त्याच्या मागची गेली, ती गेली म्हणून तिच्या मागची. पुढच्याच्या शेपटीवर नजर ठेवून चालायची ती जात. रांगा सरळ लागल्या. बांड्यालाही आपल्यामागे इतक्या सरळ रांगा लागलेल्या पाहून थोडे बरे वाटले. त्याने पहिली ओळ मोठ्याने सुरू केली.

माना वर होत्या. ऊन डोळ्यांत जात होते. दोन मेंढरांच्या मधल्या जागेत प्रत्येकाची सावली स्वतःच्याच पोटाखाली पडून वाया जात होती.

आधी म्हाताऱ्या मेंढ्या पडल्या. मग गाभण. उन्हाने पडलेले मेंढरू राखणीत धरत नसत. ते वरकड समजत आणि संध्याकाळी उचलून गुहेत नेत. लांडगे जाड झाले. राजाला झोप छान लागू लागली. त्याने चंद्ररावाला उंटांकडून आणवलेली बाभळीची एक अख्खी फांदी पाठवली, शेंगांसकट. ती कपारीत पडून वाळली.

गाणे रोज होत होते. पण पाणवठ्यावर, वाटेवर, वाड्यात ते आता कोणी गुणगुणत नसे. एका कोकराने गंमत म्हणून एक ओळ म्हटली तेव्हा त्याच्या आईने त्याला शिंग मारले.

काजळी मानाच्या जागी उभी राही, पण गात नसे. तोंड मिटलेले असे. तरसाने दोनदा बजावले.

"तुझंच गाणं आहे ना? मग म्हण."

"ते हे नव्हे," ती म्हणाली.

"शब्द तेच आहेत."

"कोतवाल, तुमचं पोट बरं आहे का आता?"

तरस हसत निघून गेला. महाराजांना सांगण्याची त्याला घाई नव्हती. तिचे पाय थरथरू लागलेले त्याने पाहिले होते. त्याचे काम ऊनच करणार होते.

एका सकाळी चंद्रराव पाणवठ्यावर आला. लोकर कातरल्याला महिना झाला होता. मेंढरांच्या पाठींवर नवे केस आले होते आणि त्यांच्या खालची कातडी भाजून लाल झाली होती. त्याला पाहून मेंढरे बाजूला झाली, मोठ्या माणसाला वाट देतात तशी. बांड्या तेवढा हलला नाही.

"या, चंद्रराव," बांड्या म्हणाला. "काल माझी बहीण पडली. तिचा काही अर्थ निघतो का बघा."

"मी हिला वाचवायला गेलो होतो," चंद्रराव म्हणाला. त्याने काजळीकडे पाहिले. ती पाणी पीत होती.

"वाचवलंत की. एकीला वाचवलंत आणि सगळ्यांना उन्हात काढलंत. इतकी अक्कल आमच्यात कुठली."

"रांग तू लावलीस, बांड्या."

बांड्याने शिंगे खाली केली, मग पुन्हा वर केली. "लावली," तो म्हणाला. "मी पुढं गेलो. तेवढंच येतं मला."

काजळीने तोंड वर केले. तोंडावरून पाणी गळत होते. ती चंद्ररावाकडे न बघता त्याच्या शेजारून गेली. चालताना तिचा मागचा पाय ओढला जात होता. आजची दुपार तिच्याने निघणार नाही, हे बघणाऱ्या कोणालाही कळले असते.

ऊन डोक्यावर आले. रांगा लागल्या. राजा आत जाऊन पडला, बाकीचे आपापल्या कपारीत गेले. तरस दगडावर बसून तोंडे मोजू लागला. बांड्याने गाणे सुरू केले.

चंद्रराव आपल्या कपारीतून उठला आणि कातळावरून खाली आला. दुपारच्या वेळी त्याला खाली आलेले कोणी कधी पाहिले नव्हते. गाणे अडखळले.

"चंद्रराव, काही राहिलं का?" तरसाने विचारले.

"गाण्याचा अर्थ चुकला," चंद्रराव म्हणाला. "दुरुस्त करायचा आहे."

"करा की. महाराज उठले म्हणजे सांगा."

"हा सांगता येत नाही."

तो पहिल्या रांगेपर्यंत गेला. काजळी डोळे मिटून उभी होती, पुढचे पाय फाकवून. तिच्या पुढे बांड्या होता. दोघांच्या मधे अंगभर मोकळी जागा होती. चंद्रराव त्या जागेत जाऊन आडवा उभा राहिला. तो उंच होता. त्याच्या पोटाखाली बरीच सावली पडली. ती काजळीच्या नाकापर्यंत आली.

काजळीने डोळे उघडले. तिने ती सावली हुंगली. मग डोक्याने त्याला एकदा ढकलले. तो हलला नाही. तिने पुन्हा हुंगले आणि डोके आत घातले.

चंद्ररावाचे स्वतःचे डोके अजून उन्हात होते. तो बांड्याकडे पाहत होता. बांड्याने त्याच्याकडे पाहिले, मग त्याच्या लांब शिंगांकडे.

"तिरपी घाला," बांड्या म्हणाला. "पोटात टोचतील."

चंद्ररावाने मान खाली घातली. जन्मात पहिल्यांदा. शिंगे तिरपी करून त्याने डोके बांड्याच्या पोटाखाली सारले. दाढी धुळीत टेकली.

काजळीच्या मागे उभ्या असलेल्या मेंढीने पुढे काय झाले ते पाहिले. तिच्यापुढे आता एक पोट होते, आणि त्याखाली सावली. ती पुढे सरकली. ती सरकली म्हणून तिच्या मागची सरकली. दुसरी रांग पहिलीत गेली, तिसरी दुसरीत. माळावर धूळ उठली आणि सगळ्यांच्या पाठींवर बसली. तरस दगडावरून ओरडत होता. त्याचे ऐकायला वर एकही कान नव्हता.

मग गाणे आले. ते तोंडांतून आले नाही. ते खालून आले, पोटांखालून, आणि सरकत सरकत कळपाच्या शेवटापर्यंत गेले.

"कोण गातंय?" तरस कळपाभोवती धावत होता. "कोण गातंय? तोंड दाखवा."

राजाची झोप मोडली. गाणे तेच होते, पण त्याने झोप येत नव्हती. तो गुहेच्या तोंडाशी आला आणि त्याने डोळ्यांवर पंजा धरला. दुपार त्याने कधी पाहिली नव्हती. समोर मेंढरे नव्हती. एक पाठ होती, धुळीच्या रंगाची, गुहेच्या दारापासून माळाच्या उतारापर्यंत पसरलेली, आणि तिच्यावर नवी लोकर आली होती.

"चंद्रराव कुठं आहेत?" राजाने विचारले. "त्यांना बोलवा. ह्याचा अर्थ काय ते सांगा म्हणावं."

तरसाने पाठीवरून पाठीवर नजर फिरवली. कुठे थांबावे ते त्याला कळेना.

"चांद्या," पोटाखालून आवाज आला. "जरा पुढं सर. मानेला ऊन लागतंय."

तो पुढे सरला, आणि सावली तिच्या मानेवर आली.